मुकं काडतूस का ओरडलं?

१

बाळांनो, डोळे मिटा पाहू. पुढचं वाचायचंय, म्हणून एकच मिटला तरी चालेल.

आता कल्पना करा. जानेवारीतली रविवारची सकाळ आहे. नॉटिंगहॅमपासून थोडं दूर थॉर्नबेक नावाचं एक लहानसं गाव आहे. गवतावरचं दंव इतकं गोठलंय, की पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. नाकाचा शेंडा जागेवर आहे की नाही, हे हात लावून बघावं लागतं. तुम्ही एका लाकडी क्लबहाउसात जाड काचेच्या खिडकीमागे उभे आहात आणि हातात हॉट चॉकलेटचा मग आहे. बाहेर छपराखाली चार-पाच मोठी माणसं चटयांवर पालथी पडली आहेत. झोपलेली नाहीत हं. रायफली घेऊन नेम धरून आहेत.

आणि आवाज काय येतो? फुट्. थोड्या वेळानं पुन्हा, फुट्. कुणीतरी उशीला चापट मारावी तसा.

तुम्ही म्हणाल, बंदुकीचा आवाज एवढासाच कसा? तर पहिली गोष्ट अशी, की या रायफलींच्या तोंडाशी एक जाड नळकांडं बसवलेलं असतं. त्याला तिकडे मॉडरेटर म्हणतात. दारूचा धडाका ते गिळून टाकतं. पण एवढ्यानं भागत नाही. काडतूसही खास लागतं. त्याला म्हणतात सबसॉनिक, म्हणजे ज्यातली गोळी आवाजापेक्षा हळू धावते.

त्यानं काय होतं? कालव्यातलं बदक आठवा. ते सावकाश पोहत असतं तेव्हा त्याच्या लाटा आरामात त्याच्या पुढे निघून जातात. पण काठावर कुणी खाऊ टाकला आणि बदक लाटांपेक्षा जोरात सुटलं, तर लाटांना पुढे पळायला फुरसतच मिळत नाही. त्या बदकाच्या छातीशी गोळा होतात आणि पाण्यावर बाणाच्या टोकासारखी ठसठशीत रेघ उमटते. आवाज म्हणजे हवेतल्या लाटाच. गोळी त्यांच्यापेक्षा हळू गेली, तर सगळं शांत. जोरात गेली, तर लाटा गोळा होऊन चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. हा आवाज मॉडरेटरला गिळता येत नाही, कारण तो नळीत होतच नाही. गोळी जाते त्या वाटेवर, बाहेर हवेत होतो.

शिकाऱ्यांना हे मुकं काडतूस आवडतं, कारण एका सशामागे बाकीचे ससे पळत नाहीत. नेमबाजांना आवडतं, कारण ते एकसारखं आणि नेमकं जातं. थॉर्नबेकच्या क्लबाकडे मात्र तिसरंच कारण होतं: मिसेस टॉमलिन यांचे अल्पाका.

अल्पाका म्हणजे उंटाचा लोकरवाला भाचा. मान लांब, डोळे मोठे, स्वभाव भित्रा. क्लबाकडे जाणारी एकुलती एक वाट मिसेस टॉमलिन यांच्या कुरणातून जायची. त्यांनी अट घातली होती, की मुकी काडतुसं वापरलीत तर वाट उघडी, नाहीतर फाटक बंद. त्यातून या हिवाळ्यात त्यांची लाडकी डचेस गाभण होती.

तर अशा त्या शांत सकाळी आवाज येत होता फुट्, फुट्, आणि मग एकदम,

चटाक!

सगळ्यांच्या माना वळल्या.

चटाक! चटाक!

कुरणात धांदल उडाली. डचेसनं कुंपणावरून अशी उडी घेतली, की गाभण अल्पाका अशी उडी घेऊ शकते हे तिलाही माहीत नसावं. आणि छपराखाली, कडेच्या चटईवर, रायफल खाली ठेवून डोळे विस्फारून बसले होते आपले दादासाहेब रामटेके.

२

दादासाहेब मूळचे नागपूरचे. नॉटिंगहॅमच्या इस्पितळात अल्ट्रासाउंडची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचं नोकरीतलं सारं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर शनिवारी विहारात मुलांना शिकवायचे आणि रविवारी नेमबाजी करायचे. विहारात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका. स्वतः बघा, पारखा, मग माना." क्लबातही त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "इतकी वर्षं झाली या देशात, पण मला थंडी म्हणून वाजली नाही!" हे वाक्य ते छाती पुढे काढून म्हणत आणि शेजारी हातमोजे घालून कुडकुडणाऱ्या विनय सबनीसकडे बघून हसत.

खिडकीमागे हॉट चॉकलेट पीत उभी होती त्यांची नात धम्मशीला. घरी धम्मू. जन्म नॉटिंगहॅमचा, त्यामुळे तिच्या मराठीत पोट पुल्लिंगी आणि कोट स्त्रीलिंगी असायचा. डोकं मात्र अगदी जागेवर.

क्लबाचे सेक्रेटरी ग्रॅहम पिकरिंग लाल होत धावत आले. "रामटेके! काय उडवलंत?"

"तुम्ही दिलेलंच," दादासाहेब म्हणाले. "सबसॉनिक. तुमच्याच पेटीतलं."

ग्रॅहमनी त्यांच्या कोटाच्या खिशातली उरलेली काडतुसं मागून घेतली आणि पुरावा म्हणून बाहेरच्या बाकावर एका पत्र्याच्या बशीत ठेवली. मग सगळे डचेसला शोधायला गेले. ती सापडली चर्चमागच्या मळ्यात, पाद्रीबाबांचे ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे लिंबाएवढे कोबी, खाताना. तिला परत आणेपर्यंत निम्मी सकाळ गेली.

परतल्यावर ग्रॅहमनी बशीतली काडतुसं दादासाहेबांच्याच रायफलीत घालून स्वतः उडवली. फुट्. फुट्. फुट्. उरलेली सगळी अशीच. अगदी मुकी.

"म्हणजे उघड आहे," ग्रॅहम म्हणाले. "पेटीत खोट नव्हती. रायफलीतही नाही. तुम्ही आवाजाची तीन काडतुसं बाहेरून आणलीत आणि उडवून मोकळे झालात."

"मी? कशासाठी?"

"ते तुम्ही सांगा. आणि कोट उघडा. आणखी आहेत का ते बघू द्या."

आता बघा हं. निरपराध माणूस काय करील? बटणं सोडील आणि म्हणेल, बघा बापडे. पण दादासाहेबांनी दोन्ही हातांनी कोट घट्ट आवळला. चेहरा बीटासारखा झाला.

"कोट उघडणार नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकापाशी मिसेस टॉमलिन आल्या, डचेसला दोरीनं धरून. "ज्यानं हे केलं तो क्लबात राहिला, तर वाट बंद," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मला सांगा काय ठरलं ते."

ग्रॅहमनी मान डोलावली. "पुढच्या रविवारी कमिटी बसेल. रामटेके, त्या दिवशी तुम्हाला काढावं लागेल. आणि क्लबनं काढलं की पोलिसांना कळवावं लागतं. मग तुमचा रायफलीचा परवानाही राहील असं वाटत नाही."

परतताना गाडी आजी चालवत होत्या आणि दादासाहेब मागे धम्मूशेजारी बसले होते. गाडीत बर्फासारखी थंडी होती, म्हणून धम्मू त्यांना बिलगली. आजोबा पेटलेल्या शेगडीसारखे ऊबदार लागले. गाडी वळणावर कलली आणि आजोबांच्या पोटातून खळखळ असा आवाज आला.

"आजोबा, तुमचा पोट वाजतोय."

"चहा जास्त झाला," दादासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "परवाना जाऊ दे गं. पण मला खोटारडा म्हणाले ते लोक."

धम्मूनं तिथेच ठरवलं. आजोबा खोटं बोलले नसतील, तर खोटं दुसरीकडे कुठेतरी आहे. ते शोधायचं.

३

सोमवारी शाळा सुटल्यावर आजी विमलाबाईंनी तिला गाडीनं थॉर्नबेकला नेलं. "मी गाडीत स्वेटर विणत बसते," त्या म्हणाल्या. "तू जा, काय विचारायचं ते विचार. मोठी माणसं मोठ्या माणसांना खरं सांगत नाहीत."

धम्मूच्या मनात पहिला संशय मिसेस टॉमलिन यांच्यावर होता. त्यांना क्लब नकोच असेल तर? त्यांनीच कुणाकरवी पेटीत आवाजाची काडतुसं टाकली असतील तर? (यापुढचं बरंचसं बोलणं इंग्रजीत झालं. मी तुम्हाला मराठीत सांगतो.)

"मी?" मिसेस टॉमलिन इतक्या हसल्या, की डचेसनं कान टवकारले. "अगं, क्लब बंद झाला तर माझी अंडी कोण घेईल? दर रविवारी ही सगळी मंडळी माझ्याकडून अंडी नेतात. तुझे आजोबा तर सगळ्यात जास्त. मला क्लब हवा आहे, पण मुका हवा आहे."

"आधी कधी असा आवाज आला होता?"

त्यांनी डचेसची मान खाजवत विचार केला. "नाताळच्या आधी एकदा आला. असाच कडाका होता, पाण्याची टाकीसुद्धा गोठली होती. पण एकच झाला. मला वाटलं फांदी मोडली. उन्हाळ्यात? उन्हाळ्यात कधीच नाही."

धम्मूनं ते मनात नीट ठेवून दिलं आणि ती ग्रॅहमकडे वळली. काडतुसांचं कपाट त्यांच्या ताब्यात असायचं. चूक त्यांची असेल आणि ते ती झाकत असतील तर? पण ग्रॅहमनी तिला कपाटाचं दुहेरी कुलूप दाखवलं आणि एकाच मालाच्या पेट्यांची रांग दाखवली.

"सगळे यातलीच काडतुसं उडवत होते, मिस. चटाक फक्त तुझ्या आजोबांचं."

"आणि बशीत ठेवलेली?"

"बाहेर बाकावर होती. कुणी हात लावला नाही. मी परत आलो तेव्हा त्यांच्यावर दंव धरलं होतं. इतकी गार, की माझी बोटं चिकटायला आली." त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, मला रामटेके आवडतात. पण त्यांनी कोट का उघडला नाही?"

तोच प्रश्न धम्मूनं सोबत घेतला. ती गाडीत आली.

"काय म्हणाले?" आजींनी विचारलं.

"आजी, आजोबांनी ती कोट का नाही उघडली?"

आजींच्या सुया थांबल्या. त्यांनी धम्मूकडे बघितलं, मग विणकामाकडे बघितलं, आणि एक टाका चुकला म्हणून तीन टाके उसवले.

"मला काय माहीत बाप्पा," त्या म्हणाल्या.

बाळांनो, उत्तर माहीत नसलेला माणूस टाके उसवत बसत नाही.

४

तिसरा संशयित सगळ्यात भारी होता. दादासाहेब क्लबातून गेले, तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नेमबाजी संघात त्यांच्या जागी जाणार होता विनय सबनीस. शिवाय विनय सशांच्या शिकारीला जायचा आणि आवाजाची जलद काडतुसं त्याच्याकडे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो मूळचा पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. आजींच्या हातची पुरणपोळी घेऊन दोघी त्याच्या घरी गेल्या, कारण पुरणपोळी समोर असली की विनय काहीही कबूल करतो असा आजींचा अनुभव होता.

"विनयकाका, तुम्ही आजोबांच्या खिशात दुसरी काडतूस टाकली का?"

"व्हॉट!" विनयच्या हातातला तुकडा खाली पडला. "काकू, ही काय डायरेक्ट चार्जशीटच घेऊन आलीय!"

"उत्तर दे रे तिला," आजी म्हणाल्या. "पोळी आणखी आहे."

"हाय व्हेलॉसिटी आहे माझ्याकडे, मान्य. पण ते घरी, कॅबिनेटमध्ये, कुलपात. आणि मला टीममध्ये असं जायचंच नाहीये. दादासाहेबांना हरवून जायचंय! त्यांना एकदा म्हणायचंय, की बघा, कुडकुडणाऱ्या माणसानं हरवलं." त्यानं दुसरी पोळी घेतली. "खरं सांगू, या सबसॉनिकचा मलाही अनुभव आहे. एकदा डिसेंबरात पहाटे सशांना गेलो होतो. फुल फ्रॉस्ट. ससा समोर. नेम धरला, आणि साला चटाक! ससे गायब. मी कंपनीला असली खरमरीत ईमेल लिहिली! त्यांनी उत्तर दिलं की आमचा माल चोख आहे."

"तेव्हा काडतुसं कुठे होती?" धम्मूनं विचारलं.

"कुठे म्हणजे? माझ्या हीटेड वेस्टच्या खिशात. बॅटरीवालं जाकीट असतं ना ते, मस्त गरम राहतं."

"आणि परवा, रविवारी?"

"परवा चटईवर, पेटीत. नवे हातमोजे इतके जाड आहेत, की खिशात हातच जात नाही."

धम्मू खुर्चीतून उठली. पुरणपोळी न संपवता उठली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं हे आजींनी ओळखलं.

आता तुम्हीही थांबा. धम्मूला जे माहीत आहे ते सगळं तुम्हालाही माहीत आहे. चटाक होतो तो कडाक्याच्या थंडीत. विनयची काडतुसं वेस्टमध्ये होती तेव्हा ओरडली, चटईवर होती तेव्हा मुकी राहिली. आजोबांची खिशात होती तेव्हा ओरडली, बशीत दंव खाऊन आली आणि मुकी झाली. आणि गाडीत आजोबांचं पोट खळखळत होतं.

सुचलं? नसेल सुचलं तर हरकत नाही. चला स्वयंपाकघरात.

५

शनिवारी सकाळी विहारात जायची तयारी चालली होती. धम्मू पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात आली. आजी नरसाळं लावून रबरी पिशवीत गरम पाणी ओतत होत्या. पिशवीला त्यांनी स्वतः विणलेलं निळं लोकरी आवरण होतं, गळ्याशी पांढरा गोंडा. आणि शेजारी सदरा वर करून, लहान मुलासारखे पोट उघडं टाकून उभे होते दादासाहेब रामटेके, ज्यांना थंडी म्हणून वाजत नसे.

"सापडला," धम्मू म्हणाली.

दादासाहेबांनी सदरा इतक्या जोरात खाली ओढला, की नरसाळं उडालं.

"नोव्हेंबरापासून पोटाला गारठा बाधतोय त्यांच्या," आजी म्हणाल्या. "मीच म्हटलं, बांधून जा. हे म्हणाले, कुणाला कळलं तर बघ."

"आजोबा, काडतुसं त्याच कोटच्या खिशात होती ना? पिशवीला चिकटून?"

"होती. मग?"

"गरम काडतूस जोरात जाते का?"

दादासाहेब हसले. "जरा जोरात जातं. दारू गरम असली की चटकन जळते, गोळीला थोडा जास्त धक्का मिळतो. पण तेवढ्यानं काही ती आवाजाला गाठत नाही. आवाजाचा वेग..." ते बोलता बोलता थांबले. ज्या माणसानं जन्मभर आवाजाच्या यंत्रांशी संसार केला, त्याच्या चेहऱ्यावर एक एक करून दिवे लागत गेले. "आवाजाचा वेग हवेवर असतो. थंड हवेत आवाज हळू चालतो. अरे बापरे."

"किती हळू?"

"फार नाही गं. पण सबसॉनिक गोळी आवाजाच्या अगदी मागोमाग धावत असते, हातभर अंतर ठेवून. कडाका पडला, आवाज मंदावला. मी काडतूस शेकलं, गोळी जोरात निघाली. म्हणजे एकाचे पाय बांधले आणि दुसऱ्याला गूळ खाऊ घातला." ते मटकन खुर्चीत बसले. "माझ्याच खिशात!"

"म्हणजे तुम्ही खोटं नाही बोललात!" धम्मू नाचायलाच लागली. "उद्या सांगायचं सगळ्यांना!"

"नाही."

"काय?"

"सांगायचं नाही," दादासाहेब म्हणाले. "मी सगळ्या क्लबाला सांगत आलोय, की मला थंडी वाजत नाही. विनयला किती चिडवलं मी! आता गोंड्याची पिशवी दाखवू? त्यापेक्षा काढू देत मला."

"वा!" आजी म्हणाल्या. "खोटारडा म्हटलेलं चालेल, पण म्हातारा म्हटलेलं चालणार नाही!"

दादासाहेब उडालेलं नरसाळं उचलायला वाकले.

"बरं," धम्मू शेवटी म्हणाली. "पिशवीचं मी कुणालाच सांगणार नाही. प्रॉमिस. पण काडतुसांचं दाखवणार. तुम्हीच शिकवता ना, स्वतः बघा, मग माना? तर ते बघतील."

त्या रात्री सगळं नॉटिंगहॅम म्हणत होतं, थंडी कमी व्हावी. एकटी धम्मू उशीत तोंड खुपसून म्हणत होती, दंव पड, दंव पड, भरपूर पड.

६

आणि पडलं. रविवारी कुरण मिठागरासारखं पांढरं झालं होतं. धम्मूच्या सांगण्यावरून मिसेस टॉमलिन यांनी डचेसला आधीच लांबच्या गोठ्यात बंद करून रेडिओ लावून दिला होता.

कमिटी बसायच्या आत धम्मू ग्रॅहमसमोर उभी राहिली. तिच्या हातात एक रबरी पिशवी होती, लाल रंगाची, स्वतःच्या पॉकेटमनीतून आणलेली. आत आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट-गरम पाणी होतं. (हो, आणि ऐका: काडतुसाला शेगडी, हीटर, विस्तव यांच्याजवळ कधीही न्यायचं नसतं, आणि मुलांनी त्याला हातही लावायचा नसतो. धम्मूनंही लावला नाही.)

"मिस्टर पिकरिंग, एक नवी पेटी उघडाल? अर्धी काडतुसं बशीत बाहेर ठेवा. अर्धी या पिशवीवर, टॉवेलमध्ये."

"हे कशासाठी?"

"तुम्ही म्हणालात, तेच काडतूस, तीच रायफल, मग आवाज वेगळा कसा. तर बघू या."

ग्रॅहमनी विनयकडे बघितलं, विनयनं खांदे उडवले. पण पेटी उघडली गेली. सगळे चहा प्याले. मग ग्रॅहम स्वतः दादासाहेबांची रायफल घेऊन चटईवर पालथे झाले.

बशीतलं काडतूस. फुट्.

बशीतलं दुसरं. फुट्.

टॉवेलमधलं.

चटाक!

ग्रॅहमनी रायफल खाली ठेवून मान वळवली. मग हात पुढे करून टॉवेलमधलं दुसरं काडतूस मागितलं. चटाक! पुन्हा बशीतलं. फुट्.

"गुड हेवन्स," मिसेस टॉमलिन म्हणाल्या.

"ओ माय गॉड, माझी ईमेल!" विनय ओरडला. "कंपनी बरोबर होती!"

धम्मूनं बदकाची गोष्ट सांगितली. तुम्हाला सांगितली तशीच, फक्त इंग्रजीत. थंडीनं लाटा मंदावल्या, उबेनं बदक जोरात निघालं. ग्रॅहम ऐकत राहिले. मग त्यांनी हनुवटी खाजवली.

"हे पटलं. पण एक राहतं. तुझ्या आजोबांची काडतुसं या थंडीत गरम झाली कशी? त्यांच्याकडे विनयसारखं वेस्ट नाही. त्यांना तर थंडीच वाजत नाही."

सगळे धम्मूकडे बघायला लागले. धम्मूनं ओठ घट्ट मिटले. प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस. तिचे कान लाल झाले, डोळे भरून आले.

"मिस?" ग्रॅहम म्हणाले. "हे कळल्याशिवाय मला आजोबांना सोडता येणार नाही."

धम्मूनं मान हलवली. नाही.

दादासाहेब भिंतीशी उभे होते. त्यांनी नातीच्या भरलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग ते पुढे आले आणि कोटाचं वरचं बटण सोडलं. मग दुसरं. मग सगळी.

निळं लोकरी आवरण. गळ्याशी पांढरा गोंडा.

"वाजते," दादासाहेब म्हणाले. "खूप वाजते. आल्या दिवसापासून वाजते."

विनय खो खो हसत सुटला. "दादासाहेब! इतकी वर्षं थंडी वाजली नाही म्हणे! मला काय काय बोललात तुम्ही!"

"बोललो. माफ कर बाबा."

"हसू नकोस फार," विमलाबाई म्हणाल्या. "तुझ्या वेस्टला बॅटरी लागते, यांना बायको लागते. एवढाच काय तो फरक."

ग्रॅहमना मराठी कळत नव्हतं, पण विनयनं भाषांतर केलं आणि मग तेही हसायला लागले. मिसेस टॉमलिन तर डोळे पुसत होत्या. "वाट उघडी," त्या म्हणाल्या. "आणि मिस्टर रामटेके, ते विणकाम फार सुंदर आहे. तुमच्या मिसेसना हवी असेल तर डचेसची लोकर मी देईन."

ग्रॅहमनी दादासाहेबांचा हात हातात घेतला. "मी तुम्हाला खोटारडा म्हणालो. चुकलो."

"तुम्ही स्वतः बघितलंत," दादासाहेब म्हणाले. "पुष्कळ झालं."

"पण नियम करायला हवा," ग्रॅहम म्हणाले आणि नियमांच्या पांढऱ्या फळ्याकडे गेले. मार्कर उघडून ते शब्द जुळवू लागले. "थंडीच्या दिवसांत सभासदांनी काडतुसं... शरीराच्या... कोणत्याही उष्ण, अं, साधनाच्या..."

धम्मूनं खुर्ची ओढली, वर चढली आणि त्यांच्या हातातून मार्कर घेतला. मोठ्या अक्षरांत लिहिलं: काडतुसं गार ठेवा. जरा थांबून, खाली आणखी एक ओळ लिहिली: माणसं गरम ठेवा.

मग तिनं खुर्चीवरून उडी मारली, आजोबांच्या कोटातली पिशवी काढून घेतली, हात लावून बघितला, आणि किटलीचं बटण दाबलं.